मोकळं केलं, पण न्यावं कशात?

दुपारचे बारा वाजत आले होते. मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात, स्त्रियांच्या अस्थिरोग वॉर्डात सकाळचा राऊंड नुकताच संपला होता. खिडकीजवळच्या खाटेवर ७२ वर्षांच्या एक आजी होत्या. अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेत हाडाचा मोडलेला गोळा काढून तिथे कृत्रिम गोळा बसवला, त्याला आता सहा दिवस झाले होते. जखम कोरडी होती, ताप नव्हता. वॉकर धरून आजी खाटेपासून दारापर्यंत जाऊन आल्या. डॉक्टरांनी केसपेपरवर डिस्चार्ज लिहिला.

शेतमजुरी करणारा त्यांचा मुलगा कागद हातात घेऊन परिचारिकेच्या टेबलापाशी आला. "मोकळं केलं म्हणता सिस्टर, पण न्यावं कशात?"

गाव ९५ किलोमीटरवर. शेवटचे काही किलोमीटर खडी उखडलेला रस्ता. स्टँडवरून काळी-पिवळी मिळते, ड्रायव्हरशेजारच्या दोन जागांचे भाडे भरले तर आईला पुढे बसवता येईल, असा त्याचा विचार होता. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खासगी रुग्णवाहिकेवाल्याने सांगितलेला आकडा त्याच्या पंधरा दिवसांच्या मजुरीपेक्षा मोठा होता. पुढच्या औषधांसाठी राखून ठेवलेले पैसे होते, तेही त्यात गेले असते.

त्याच वॉर्डात दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी टाकून आणखी एक बाई झोपल्या होत्या. त्यांचाही खुबा मोडलेला. खिडकीजवळची खाट रिकामी झाली की ती त्यांना मिळणार होती.

शासकीय रुग्णालयात हा प्रसंग रोजचा आहे. माणूस आजारी पडला की त्याला रुग्णालयात आणायला सगळा गाव धावतो. बरा होऊन परत जाताना मात्र त्याच्याबरोबर एखाददुसरा नातेवाईक उरलेला असतो. आणताना घाई होती, म्हणून जे मिळेल ते वाहन चालले. नेताना घाई नसते, पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अशक्त, टाके-नळ्या-प्लास्टर असलेले शरीर न्यायचे असते. त्याची व्यवस्था कोणी करायची, हे बहुतेक वेळा कोणीच ठरवलेले नसते.

१०८ घरी का सोडत नाही?

मुलाने साहजिकच पहिला प्रश्न विचारला, "१०८ ला फोन लावू का?"

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी. त्यांपैकी २३३ गाड्यांत अत्यवस्थ रुग्णासाठीची प्रगत साधने होती आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक जीवरक्षक साधने. गाडीत डॉक्टर असतो. अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, अडलेले बाळंतपण, अशा वेळी मिनिटे वाचवण्यासाठी ही सेवा आहे. लहान रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठीही ती वापरली जाते. ही गाडी ९५ किलोमीटरवर एका स्थिर रुग्णाला सोडायला गेली, तर जाऊन-येऊन चार-पाच तास तिच्या भागातल्या लोकांसाठी ती नसते. त्या वेळात कोणाच्या छातीत कळ आली तर दुसरी गाडी दुरून यावी लागते. म्हणून १०८ ने नकार दिला तर त्यात अडवणूक नसते. घरी सोडण्याचे काम त्या सेवेचे नाहीच.

हा नकार योग्य असला तरी नातेवाइकाचा प्रश्न तिथेच राहतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तातडीच्या रुग्णवाहिकेपासून वेगळी, आधी नोंदवून मिळणारी रुग्णवाहतूक असते. रुग्णाची प्रकृती पाहून ती कोणाला द्यायची ते ठरते. आपल्याकडे अशी सर्वांसाठीची एकच सेवा नाही. आहेत ते तुकडे. पण ते तुकडे माहीत असले तरी बराच फरक पडतो.

हक्काचे काय मिळते?

सर्वांत स्पष्ट हक्क बाळंतिणीचा आहे. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला घरून रुग्णालयात, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात, आणि ४८ तास राहिल्यानंतर परत घरी, अशी मोफत वाहतूक मिळायला हवी. पिवळे-केशरी कोणते रेशनकार्ड आहे, कितवे बाळंतपण आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. आजारी नवजात बाळालाही हाच हक्क आहे आणि पुढे तो एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांसाठी वाढवण्यात आला. यासाठीचा क्रमांक १०२. अनेक कुटुंबांना येण्याची सोय माहीत असते, जाण्याची नसते. मग टाके ओले असलेली बाळंतीण दोन दिवसांच्या बाळाला घेऊन दुचाकीवर मधे बसून जाते. हे टाळण्यासाठी डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच वॉर्डातल्या सिस्टरला किंवा गावच्या आशाताईंना "परतीची गाडी लावायची आहे" एवढे सांगून ठेवावे.

दुसरी सोय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. या योजनेतून उपचार झाले असतील, तर उपचारांच्या ठरलेल्या रकमेत रुग्णाला रुग्णालयातून घरी जाण्याचे एका वेळचे भाडेही धरलेले असते. ते एसटीच्या किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या दराने मिळते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करावी. रक्कम मोठी नसते. झोपवून न्यायच्या रुग्णाची रुग्णवाहिका त्यात बसत नाही. पण बसून जाऊ शकणाऱ्याचा प्रवास निघतो.

तिसरी सोय एसटीची. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे आणि मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे आहे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात भाडे माफ असते, सोबत्यालाही सवलत मिळते. हृदयशस्त्रक्रियेचे, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचे किंवा डायलिसिसचे रुग्ण यांनाही सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. डॉक्टरांची सही आणि शिक्का डिस्चार्ज होण्याआधी घेतलेला बरा. एकदा बाहेर पडल्यावर त्या सहीसाठी पुन्हा ओपीडीची रांग लावावी लागते.

चौथी व्यक्ती लक्षात ठेवायची ती समाजसेवा अधीक्षक. मोठ्या शासकीय रुग्णालयांत हे पद असते, बहुतेकांना त्यांची खोली कुठे आहे तेही माहीत नसते. गरीब रुग्णांसाठीचा निधी, दानशूर संस्था, आमदार-खासदार निधीतून घेतलेल्या आणि एखादे मंडळ, पतसंस्था किंवा ग्रामपंचायत चालवत असलेल्या रुग्णवाहिका यांची यादी त्यांच्या वहीत असते. अशा गाड्या बऱ्याचदा डिझेलच्या खर्चात येतात. फक्त त्यांना एक-दोन दिवस आधी सांगावे लागते.

बसून, झोपून की प्राणवायू लावून?

गाडी कोणती हे भाड्यावरून ठरवण्याआधी रुग्णावरून ठरवायला हवे. त्यासाठी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. रुग्ण बसू शकेल का? बसला तर सलग किती वेळ? आणि वाटेत त्याला जाणकार माणसाची गरज पडेल का?

स्वतः चालणारा, तोल सांभाळणारा रुग्ण बसने किंवा रिक्षाने जाऊ शकतो. ज्याला आधार लागतो पण दोन तास बसता येते, त्याला चारचाकी गाडी हवी. पाठीच्या कण्याला इजा झालेला, पक्षाघाताने मान-धड न सांभाळणारा, मांडीच्या हाडावर बाहेरून रॉड लावलेला रुग्ण झोपवूनच न्यायला हवा. ज्याला प्राणवायू लागतो, घशातला कफ ओढून काढावा लागतो किंवा ज्याची शुद्ध पूर्ण नाही, त्याच्याबरोबर प्रशिक्षित माणूस असलेली गाडी हवी.

रुग्णवाहिकाही सगळ्या सारख्या नसतात. देशात त्यांच्यासाठी जे मानक लागू आहे त्यात चार प्रकार आहेत : दुचाकीसारखे प्रथम मदतीचे वाहन, साधी रुग्णवाहतूक गाडी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. स्थिर रुग्णाला झोपवून घरी न्यायला दुसऱ्या प्रकारची साधी गाडी पुरते. गरज नसताना 'कार्डिअ‍ॅक' म्हणून महागडी गाडी गळ्यात मारली जाते, तेव्हा हा फरक माहीत असावा. उलट, टपावर निळा दिवा आहे म्हणून आत प्राणवायू असेलच असेही नाही.

खासगी रुग्णवाहिकांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवून देते. निघण्यापूर्वी चार गोष्टी बोलून घ्याव्यात : भाडे परतीच्या रिकाम्या फेरीसह आहे का, थांबण्याचे पैसे वेगळे का, प्राणवायूचे वेगळे का, आणि जिन्यावरून उचलायला माणूस मिळेल का. ठरलेला आकडा आणि गाडीचा नंबर डिस्चार्ज कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवावा. पावती मागावी.

काळी-पिवळीत काय बिघडले असते?

आजींचा मुलगा काळी-पिवळीने निघायला तयार होता. त्यात धोका होता तो गर्दीचा आणि बैठकीचा. खुब्यात कृत्रिम गोळा बसवल्यावर पहिले काही आठवडे भोवतालचे स्नायू आणि आवरण भरून येत असते. त्या काळात गुडघा छातीकडे जास्त ओढला गेला, पायावर पाय आला किंवा पाय आत वळला, तर गोळा खोबणीतून निसटू शकतो. जीपच्या पुढच्या दोन जागांवर बऱ्याचदा तिघे बसतात. पाय एका बाजूला घेऊन, कुशीवर कलून, खड्ड्यांतून तीन तास. गोळा निसटला की असह्य कळ येते, पाय आखूड दिसतो आणि मग तोच ९५ किलोमीटरचा प्रवास उलट दिशेने करावा लागतो, पुन्हा भूल घ्यावी लागते.

अशा रुग्णाला मोटारीत पुढच्या सीटवर बसवावे. सीट शक्य तितकी मागे सरकवावी, पाठ थोडी रेलावी, बसण्याच्या जागी घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवावी, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात. आधी पाठ सीटकडे करून बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना याच्या उलट. दर तासाला गाडी थांबवून पाय मोकळे करायचे, बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवायचे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या नसांत रक्ताची गाठ होण्याचा धोका काही आठवडे असतो आणि तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने तो वाढतो. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारे औषध लिहून दिलेले असते. गाडीभाड्यापायी तेच औषध घ्यायचे राहून गेले, तर वाचवलेल्या खाटेला अर्थ उरत नाही.

निघण्यापूर्वीचा अर्धा तास

प्रवासातल्या बऱ्याच अडचणी वॉर्डातच मिटवता येतात. वेदनाशामक गोळीची वेळ प्रवासाच्या अर्धा तास आधी येईल अशी सिस्टरकडून बसवून घ्यावी. लघवीची पिशवी निघण्यापूर्वी रिकामी करावी आणि गाडीत ती नेहमी ओटीपोटाच्या खाली ठेवावी. उचलताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली की लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. नाकातून नळीने अन्न दिले जात असेल तर निघण्याच्या तोंडावर देऊ नये आणि प्रवासभर डोक्याकडची बाजू उंच ठेवावी.

प्लास्टर असलेला हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणे वाढतच गेले, तर घर गाठण्याची वाट न पाहता वाटेतल्या जवळच्या रुग्णालयात थांबावे. पोटाची शस्त्रक्रिया किंवा सिझेरियन झालेल्या स्त्रीने पोटाशी उशी धरावी. सीटबेल्टचा खालचा पट्टा टाक्यांच्या खाली, मांड्यांवर घ्यावा. नवजात बाळाला टोपी-मोजे घालून आईच्या अंगाशी लपेटून धरावे, पण नाक-तोंड उघडे राहील हे पाहावे.

झोपून असलेल्या, स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी थोडे वळवावे. स्ट्रेचरवरची ओली चादर आणि हादरे यांनी माकडहाडाजवळची कातडी काही तासांत लाल होते. शय्याव्रणाची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

प्राणवायूचा हिशेब तोंडी आश्वासनावर सोडू नये. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तीन तासांना ३६० लिटर लागतो. वाटेत अडलेला रस्ता, पंक्चर, पावसाने आलेले पाणी हे सगळे धरून दुप्पट साठा बरोबर असावा. भरलेल्या मध्यम आकाराच्या बी टाईप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. तो खरोखर भरलेला आहे का, हे मीटरवर पाहावे. सिलिंडर बांधलेला असावा आणि गाडीत कोणी बिडी पेटवू नये.

डिस्चार्ज कार्ड, औषधे आणि एक वेळचे जेवण-पाणी हाताशी असावे, सामानाच्या तळाशी नको. आणि शक्यतो उजेडी निघावे. वॉर्डात राऊंड सकाळी होतो, कागद दुपारी तयार होतात, गाडी संध्याकाळी मिळते आणि रुग्ण मध्यरात्री गावात पोहोचतो, हा क्रम बदलणे कठीण असले तरी अशक्य नाही. डिस्चार्ज उद्या होणार हे आज कळले, तर गाडी आज ठरवता येते.

उंबरठ्यापुढचा प्रवास

गाडी दारात थांबली म्हणजे प्रवास संपत नाही. शहरात चाळीचा दुसरा मजला असतो, गावात उंच जोते आणि तीन पायऱ्या. मजबूत, हात असलेल्या खुर्चीत बसवून दोघांनी पुढून-मागून धरून नेणे हे पाठीवर घेण्यापेक्षा सुरक्षित असते. घरात खाली अंथरूण टाकण्याऐवजी पलंग लागेल, संडासात बसायला खुर्चीची सोय लागेल, हे रुग्ण पोहोचण्याआधी घरच्यांना फोन करून सांगितले तर पहिली रात्र नीट जाते.

परत दाखवायला कधी यायचे, याचाही विचार निघतानाच करावा. प्रत्येक ड्रेसिंगसाठी आणि टाके काढण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यायची गरज नसते. डिस्चार्ज कार्डावर तसे स्पष्ट लिहून घेतले तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ही कामे होतात. काही सल्ले ई-संजीवनीसारख्या दूरध्वनी-चित्रफितीच्या सेवेतून मिळतात. टाळलेली प्रत्येक फेरी म्हणजे एका मजुराचा वाचलेला दिवस असतो आणि रुग्णाचे वाचलेले हाल.

रुग्णालयांकडूनही फार मोठी अपेक्षा नाही. भरती होतानाच केसपेपरवर गावाचे अंतर आणि "परतीचे वाहन" असा एक रकाना असावा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी तो भरला जावा. १०२ च्या गाड्या बाळंतिणींना सोडायला जातात त्या मार्गांची माहिती वॉर्डांना असावी. समाजसेवा अधीक्षकांचा फोन नंबर प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर असावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. गाडी नाही म्हणून अडलेली खाट ही भरलेली खाटच असते, आणि तिची वाट पाहणारा रुग्ण जमिनीवर असतो. दुसऱ्या बाजूला, शेजाऱ्याचा टेम्पो आज गावाकडे निघाला आहे म्हणून डॉक्टर नको म्हणत असताना सही करून निघून जाणारे रुग्णही प्रत्येक वॉर्डात असतात. दोन्हींचे मूळ एकच आहे.

आजींचा डिस्चार्ज त्या दिवशी थांबवला गेला. तो निर्णय सोपा नव्हता, कारण जमिनीवरच्या बाईंना आणखी एक रात्र तिथेच काढावी लागणार होती. सिस्टरने मुलाला समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत पाठवले. त्यांच्या वहीत आजींच्या तालुक्यातल्या एका मंडळाच्या गाडीचा नंबर सापडला. ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी एका रुग्णाला घेऊन शहरात येणारच होती. परत जाताना रिकामी जाणार होती. डिझेलच्या वाट्यात काम झाले. औषधाचे पैसे औषधालाच राहिले.

सकाळी नऊ वाजता वॉर्डातल्या मामांनी स्ट्रेचर आणला. आजींनी जाताना खाली गादीवरच्या बाईंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घ्या बाई, खिडकीची जागा हाय. वारं चांगलं येतं." दहा मिनिटांत चादर बदलली गेली आणि त्या बाई जमिनीवरून खाटेवर आल्या.